रिपोर्ट नॉर्मल

वीर्यतपासणीचा रिपोर्ट नॉर्मल आला की पुरुषाचा विषय संपला, असं मी नोकरीची ऐन वर्षं मानत होते. नुसतं मानत नव्हते, काउंटरवर उभी राहून सांगतही होते. आता मी तसं सांगत नाही. मत का बदललं ते लिहायचं आहेच. पण बदललेलं मत काही काळाने पुन्हा बदलावं लागलं, आणि ते जास्त जड गेलं. तेही लिहिणार आहे.

मी डीएमएलटी झालेली टेक्निशियन. पुण्यात कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला, सोसायट्यांच्या दाटीत, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचे. सही डॉक्टरांची, मोजणी माझी. सकाळी सातपासून उपाशीपोटी साखर तपासणाऱ्यांची रांग, मग थायरॉइड, लिपिड, आणि गर्दी ओसरली की हळूच येणारे हे लोक. ते लगेच ओळखू यायचे. हातात काही नसायचं. डबी शर्टाच्या आत, अंगालगत ठेवलेली; सॅम्पल थंड पडू न देता तासाभराच्या आत आणायचं, हे आम्हीच सांगितलेलं. सोबत बायको असली तर नाव, वय, संबंधांत किती दिवसांचा खंड, सगळं तीच सांगायची. नवरा बाहेर स्कूटरपाशी मोबाइल बघत उभा.

वीर्य आधी घट्ट असतं, अर्ध्या तासात पातळ होतं. मग थेंब मोजणीच्या काचेवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी दिसतात, त्या चौकटींतले शुक्राणू मोजायचे: सरळ पुढे जाणारे किती, जागच्या जागी वळवळणारे किती, निपचित किती. दुसरी स्लाइड रंगवून आकार बघायचा. एक हात मोजयंत्राच्या कळीवर, दुसरा फोकसच्या स्क्रूवर. हे काम मी चांगलं करत असे, उगाच विनय नको. रिपोर्टात तीन मुख्य आकडे: काउंट, मोटिलिटी म्हणजे चाल, मॉर्फॉलॉजी म्हणजे आकार. तिन्ही मर्यादेच्या वर असले की शेवटी ठळक अक्षरांत नॉर्मल.

ही मर्यादा येते कुठून? जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीची पुस्तिका काढते, तिची पहिली आवृत्ती १९८०ची. बराच काळ एका मिलिलिटरला २ कोटी शुक्राणू ही खालची हद्द होती. २०१०च्या पाचव्या आवृत्तीत ती दीड कोटीवर आली, २०२१च्या सहाव्या आवृत्तीत १ कोटी ६० लाख झाली. तेवढ्यात पुरुष बदलले होते असं नाही, मोजपट्टी बदलली होती. २०१०पासूनची रीत अशी: ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारायची. म्हणजे रेघेखालचे पाच टक्केही बाप झालेलेच आहेत. आणि रेघेच्या वरचा प्रत्येक जण बाप होईल, असं ती रेघ कुठेच म्हणत नाही. हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. काउंटरवर मात्र तोंडातून निघायचं, “काही काळजी नाही, एकदम नॉर्मल आहे.”

एकदा एका काकूंनी मुलाचा रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे न बघता मला म्हणाल्या, “चला, आमच्याकडचं मिटलं. आता हिच्या तपासण्या कुठे करायच्या ते सांगा हो ताई.” मी सोनोग्राफीचं सेंटर सांगितलं. कुठल्या सिग्नलला वळायचं, गाडी कुठे लावायची, तेही समजावलं. त्या मुलीशी मी एक शब्द बोलले नाही. माझ्याही लेखी मिटलंच होतं.

हे कोथरूडमध्ये, बरं का. अडाणी, आडवळणाच्या गावात नव्हे. ज्या कर्वे रस्त्यावरून आम्ही रोज जातो-येतो त्या रस्त्याला नाव आहे धोंडो केशव कर्व्यांचं, आणि त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे, १९२७पासून १९५३ साली जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढणारे. कर्वे पुतळ्याच्या स्टॉपवर उतरणाऱ्या किती जणांना या मुलाचं नाव आठवतं, कोण जाणे. पुरुषाच्या शरीराविषयी शुद्ध मराठीत आणि न लाजता बोलणारा माणूस याच घरातून आला. आम्ही त्याच रस्त्यावर ‘जेंट्स टेस्ट’ असं पुटपुटत डबी सरकवत होतो.

पुढे मी वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका केंद्राच्या लॅबमध्ये गेले. तिथे येणारी जोडपी वेगळी. यांचे कागद जाड असत. बऱ्याच जणींना दिवस राहत होते, टिकत नव्हते. सहा आठवडे, आठ आठवडे, पुन्हा तेच. बाईच्या तपासण्यांची फाइल इंचभर जाड: हार्मोन, गर्भाशयाची पोकळी, रक्त गोठण्याचे विकार, थायरॉइड, साखर, कॅरियोटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. नवऱ्याचा त्यात एक कागद, तो आधीच कुठल्यातरी लॅबचा. नॉर्मल. काही कागद माझ्या हातचे असण्याचीही शक्यता होती.

तिथल्या सीनियर मॅडमनी मला ॲनिलिन ब्ल्यूने रंगवायला शिकवलं. पद्धत साधी आहे. स्लाइड सुकवायची, पक्की करायची, मग आम्ल केलेल्या निळ्या रंगात काही मिनिटं बुडवायची, धुवायची. ज्या शुक्राणूंची आतली बांधणी पूर्ण झालेली असते त्यांची डोकी रंग घेत नाहीत, जवळजवळ फिकट राहतात. ज्यांची अर्धवट राहिलेली असते ती गडद निळी होतात. तेलाच्या भिंगाखाली मी मोजायला लागले. सकाळीच या माणसाचा काउंट मी केला होता: भरपूर. चाल उत्तम, सरळ रेषेत पळणारे. आकारही ठीक. आणि आता निळं डोकं, परत निळं, एक फिकट, दोन निळी, एक अर्धं निळं. मी स्लाइड काढून नाव बघितलं. बदलली तर नाही ना? नव्हती. दुसरी रंगवली. तीच तऱ्हा. ज्या थेंबावर मी सकाळी मनातल्या मनात ‘नॉर्मल’ लिहून मोकळी झाले होते, तोच हा थेंब.

आता त्या निळेपणाचा अर्थ. शुक्राणूचं डोकं जेमतेम चार-पाच मायक्रॉन लांब. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच. त्यात बापाकडून जाणारा सगळा डीएनए असतो, आणि तो सरळ केला तर मीटरभर भरेल. शरीराच्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ती गुंडाळी सैलसर, कारण पेशीला त्यातलं काही ना काही सतत वाचायचं असतं. शुक्राणूला वाचायचं काहीच नसतं, त्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो. म्हणून वृषणात शुक्राणू घडण्याच्या शेवटच्या टप्प्यात हे हिस्टोन काढले जातात. मधल्या वेळेपुरती ट्रान्झिशन प्रोटीन्स येतात, आणि शेवटी त्यांच्या जागी बसतात प्रोटामिन. माणसाचं एक नंबरचं प्रोटामिन अवघ्या ५० अमिनो आम्लांचं, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकाच जातीची, आर्जिनिनची. आर्जिनिनवर धन भार, डीएनएवर ऋण. दोघं असे चिकटतात की मध्ये फट राहत नाही. त्याशिवाय प्रोटामिनात सिस्टीन असतं. शुक्राणू वृषणातून निघून अधिवृषणाच्या नळीतून पुढे सरकत असताना सिस्टीनच्या जोड्या एकमेकींशी बांधल्या जातात. आमच्या लहानपणी रेल्वेच्या प्रवासाला होल्डॉल बांधत: आधी गादी गुंडाळायची, गुडघा रोवून दाबायची, मग चामड्याचे पट्टे आवळायचे. प्रोटामिन म्हणजे ते दाबणं आणि त्या सिस्टीनच्या गाठी म्हणजे पट्टे. ॲनिलिन ब्ल्यूचा रंग लायसिन या अमिनो आम्लाला धरतो. हिस्टोनमध्ये ते भरपूर, प्रोटामिनमध्ये नावाला. म्हणून निळं डोकं म्हणजे हिस्टोन गेलेच नाहीत, पट्टे आवळलेच गेले नाहीत.

सगळे हिस्टोन जात नाहीत, हेही खरं. माणसाच्या शुक्राणूत साधारण ५ ते १५ टक्के उरतात, आणि २००९च्या एका अभ्यासाने दाखवलं की ते कुठेही विखुरलेले नसतात. गर्भाच्या वाढीत पुढे लागणाऱ्या जनुकांपाशी ते जास्त सापडतात. म्हणजे थोडं सैल ठेवणं ही सोयच. प्रश्न जास्त सैल राहिलं की येतो. माणसात प्रोटामिनचे दोन प्रकार आहेत, एक आणि दोन, आणि त्यांचं प्रमाण साधारण समसमान असावं लागतं. वंध्यत्व असलेल्या बऱ्याच पुरुषांत हे प्रमाण एका बाजूला झुकलेलं आढळतं. उंदरांवर २००१ साली एक प्रयोग झाला: दोनांपैकी कुठल्याही एका प्रोटामिनच्या जनुकाची फक्त एक प्रत बंद केली, दुसरी चालू ठेवली. तेवढ्यानेही नर वांझ झाले. निम्मा माल असून भागलं नाही. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. सत्यनारायण राव यांनी मधल्या ट्रान्झिशन प्रोटीन्सवर उंदीर-घुशींच्या वृषणांतून वर्षानुवर्षं काम केलं. त्यातलं दोन नंबरचं प्रथिन जस्त बांधून धरतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं.

प्रोटामिन हे नाव मात्र जुनं आहे. बाझेलच्या फ्रीड्रिश मीशर यांनी १८७४ साली ऱ्हाइन नदीतल्या सामन माशाच्या वीर्यातून ते वेगळं काढलं. जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून डीएनए पहिल्यांदा काढणारे तेच. माशाच्या वीर्यातलं ते प्रथिन आज आपल्या घराघरांत आहे म्हटलं तर कोथरूडचे आजोबा बिचकतील. ढवळसर दिसणारं, टोचण्यापूर्वी तळव्यांत फिरवून घ्यावं लागणारं इन्शुलिन असतं ना, ते सावकाश उतरावं म्हणून त्यात प्रोटामिन मिसळतात. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांची १९३० ते ४०च्या दशकांतली युक्ती. बायपासच्या ऑपरेशननंतर, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा असर उतरवायलाही प्रोटामिनच देतात. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “मला नको सांगूस, मी काही ऐकलं नाही.”

पट्टे सैल राहिले तर नेमकं होतं काय? डीएनए एकदा असा बांधला की शुक्राणूतलं सगळं वाचन बंद, आणि दुरुस्तीही बंद. वाटेत घाव बसला तर तो तसाच राहतो. तंबाखू, व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, मोठा ताप, यांनी शरीरात जे दाहक रेणू वाढतात ते सैल बांधलेल्या डीएनएवर आधी तुटून पडतात. घट्ट बांधलेला निभावतो. नंतर शुक्राणू बीजांडात शिरला की बीजांड काही तासांत प्रोटामिन सोडवून टाकतं, स्वतःचे हिस्टोन घालतं, आणि बापाकडून आलेल्या डीएनएतल्या तुटी सांधायला घेतं. बीजांडाची ही ताकद असते, पण तिलाही हद्द आहे, आणि बाईच्या वयाबरोबर ती उतरत जाते. म्हणजे बापाच्या बाजूचं निस्तरायचं काम तिच्याच वाट्याला, आणि ते पूर्ण झालं नाही तर दोषही तिलाच.

मी सगळ्यात जास्त हलले ती वेळापत्रकामुळे. फलन झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस गर्भ बीजांडाने आधीच साठवलेल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशी झाल्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी, गर्भाचं स्वतःचं जनुकवाचन जोमाने सुरू होतं, आणि तेव्हा कुठे बापाचा डीएनए मनापासून कामाला लागतो. त्यातली मोडतोड तोवर दिसतच नाही. शुक्राणू पळतो, बीजांडात शिरतो, गर्भ दोनाचा चार होतो, सगळं ठीक. मग कुठेतरी अडतं. म्हणजे काउंट आणि चाल हे दरवाज्यापर्यंत पोचण्याचे आकडे होते. आत गेल्यावर काय होईल हे त्यातून कळणार नव्हतं, आणि मी तर “काळजी नाही” म्हणून बसले होते.

मराठी माणसाला परकं वाटू नये असं एक काम आपल्या परळलाच झालं आहे. केईएम रुग्णालयाच्या जवळच राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांनी केईएममध्ये हर्षा या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म घडवला त्या कामात या संस्थेचा आणि तिचे तेव्हाचे संचालक टी. सी. आनंद कुमार यांचा वाटा होता. त्याच संस्थेत नफिसा बालासिनोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातांच्या जोडप्यांतल्या नवऱ्यांचे शुक्राणू तपासले. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. हे सगळे पुरुष वीर्यतपासणीत नॉर्मल होते. मुद्दाम तसेच निवडलेले. त्यांच्या शुक्राणूंत एच-१९ या जनुकाजवळच्या, बापाकडून आलेली प्रत ओळखू येण्यासाठी असलेल्या रासायनिक खुणा पुष्कळांत बिघडलेल्या निघाल्या. हे प्रोटामिन नव्हे, शेजारचं प्रकरण आहे. पण वृषणात शुक्राणू घडताना डीएनएवर जे काम व्हायचं ते नीट झालं नाही, हे दोन्हीकडे तेच. मॅडमनी मला त्या निबंधाची प्रत दिली. ‘वीर्य नॉर्मल असलेले पुरुष’ हे त्याच्या शीर्षकातच आहे, ते मी कितीतरी वेळ बघत बसले.

इथवर मत बदलणं सोपं होतं. बायकांवर अन्याय होत होता, विज्ञान त्यांच्या बाजूने निघालं, मीही त्यांच्या बाजूला गेले. छान वाटतं असं बदलायला. यानंतर माझं जे झालं ते तितकं छान नाही.

मी झपाटले. येईल त्या जोडप्याला शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करा म्हणून सांगू लागले. डीएफआय म्हणतात तिला. किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटका आहे ते मोजायचं. एका पद्धतीत धड डीएनए असलेल्या शुक्राणूभोवती स्लाइडवर पसरट वलय उमटतं, तुटक्याभोवती उमटत नाही. प्रोटामिन कमी बसलं की तूट वाढते, म्हणून बांधणी कशी झाली याचा अंदाज यातून येतो, पण हा अंदाजच. प्रोटामिन एक आणि दोन यांचं प्रमाण थेट मोजणं अजून संशोधनाच्या प्रयोगशाळांतच आहे, गल्लीतल्या लॅबमध्ये ते होत नाही. हे मी सांगत नसे. तपासणीला काही हजार रुपये लागत. लोक भरत. आकडा तीसच्या वर गेला की मी चेहरा गंभीर करून रिपोर्ट द्यायचे, आणि पुढे जस्त, फॉलिक आम्ल आणि आणखी काय काय असलेली गोळी लिहून मिळायची. तीन महिन्यांनी परत तपासणी. पूर्वी मी ‘नॉर्मल’ विकत होते, आता ‘ॲबनॉर्मल’ विकू लागले, एवढाच फरक.

डोळे उघडले ते आकड्यांनी. २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २,३७० जोडपी. निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज जस्त आणि फॉलिक आम्ल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. मूल जन्माला येण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत ३४ टक्के, पोकळ गोळीवाल्यांत ३५. आणि ज्या डीएनएच्या तुटीसाठी मी ही गोळी पवित्र मानत होते ती तूट गोळी घेणाऱ्यांत उलट किंचित जास्त निघाली. त्याच वर्षी अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या दुसऱ्या एका चाचणीतही वीर्य किंवा डीएनए सुधारल्याचं दिसलं नाही. गोळीने बिघडलेली बांधणी नीट होईल, हे मला इतकं पटलेलं होतं की तपासून बघावं असं वाटलंच नव्हतं. पहिल्या वेळी मी इतरांचा गैरसमज पकडला होता. या वेळी माझाच होता, आणि त्यावर लोकांचे पैसे गेले होते.

मग तपासणीबद्दल मार्गदर्शक सूचना काय म्हणतात ते नीट वाचलं. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन संघटनांनी २०२०मध्ये संयुक्तपणे सांगितलं: पहिल्याच तपासणीत डीएनएची चाचणी करू नका, वारंवार गर्भपात होत असतील तर करा. युरोपातल्या संघटनेनेही २०२२च्या सूचनांत वारंवार गर्भपाताच्या जोडप्यांत कारण शोधण्यासाठी ती विचारात घ्या म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहाव्या आवृत्तीत ती मूळ तपासणीत नाही, वाढीव तपासण्यांत आहे. मी जिला सगळ्यांसाठीचं औषध समजत होते ती ठरावीक लोकांसाठीची विचारणा होती. डीएफआय जास्त असूनही घरी पाळणा हललेली जोडपी मी पाहिली आहेत, आणि आकडा सुंदर असून रिकाम्या हाताने गेलेलीही.

तेव्हा आज माझं म्हणणं काय? प्रोटामिनबद्दलचं विज्ञान मला पूर्वीइतकंच थक्क करतं, त्यावर माझा विश्वास आहे. त्याच्या नावाने निघणाऱ्या प्रत्येक पॅकेजवर नाही. तपासणीची लाज मात्र नको. वारज्याला, कोथरूडच्या शेजारीच, बायफचं मुख्यालय आहे; मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेली संस्था. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कामात वळूचं वीर्य गोठवण्याआधी तपासतात आणि गोठवून वितळवल्यावरही तपासतात. तिथे नराची तपासणी हा कुणाच्या अब्रूचा प्रश्न नाही. वळूच्या शुक्राणूत प्रोटामिनचा जवळजवळ एकच प्रकार असतो, आपल्याकडे दोन आणि त्यांचा तोल सांभाळायचा, म्हणजे खरं तर तपासायची गरज आपल्यालाच अधिक.

काही गोष्टी मात्र आता मी बिनधास्त सांगते, कारण त्या फुकट आहेत किंवा निदान विकायच्या नाहीत. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यापुढे अधिवृषणातले काही दिवस. धरा तीन महिने. म्हणून डेंग्यू, फ्लू, कुठलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतर लगेच केलेल्या वीर्यतपासणीवर घाबरू नका, तीन महिने थांबून पुन्हा करा. पावसाळ्यानंतर पुण्यात हे फार होतं. तंबाखू, मग ती सिगारेट असो, गुटखा असो की मशेरी, सोडा. तीन महिन्यांनी निघणारे शुक्राणू तंबाखू सोडल्यानंतर घडलेले असतील. हाताला लागेल एवढं व्हेरिकोसील असेल तर सर्जनला दाखवा. फार दिवसांचा खंड ठेवून ‘साठवून’ शुक्राणू चांगले होत नाहीत, उलट जुने जास्त तुटतात. आणि दुकानातली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा की ती घेतल्याने मूल होण्याचं प्रमाण वाढतं असं कुठल्या चाचणीत दिसलं आहे.

त्या सुनेचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि तिच्यासाठी आता मी काही करू शकत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर मात्र करता येईल. पुरुषाची तपासणी बाईच्या बरोबरीने, तपासण्यांच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्या, तिची फाइल इंचभर जाड होईपर्यंत थांबू नका. दोन गर्भपात झाले असतील आणि कारण सापडत नसेल, तर “माझ्या शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी करायची का?” हा प्रश्न नवऱ्याने डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने विचारावा. बायकोने नव्हे, आईने तर नव्हेच. आणि रिपोर्ट घ्यायला स्कूटर स्टँडवर लावून आत या. दोघांनी.